नऊ मुकी वाक्ये

बुधवार हा प्लास्टिकच्या कचऱ्याचा दिवस. जपानमधल्या ग्योतोकुतल्या आपल्या इमारतीखाली विभा खानोलकर पारदर्शक पिशवी कावळे अडवणाऱ्या जाळीखाली सरकवत होती, तेव्हा फोन वाजला. आठ वाजून दहा मिनिटे झाली होती.

फोन प्राध्यापक कुरातांचा होता. ते नऊच्या आधी कुणालाही फोन करत नसत.

"विभा-सान, सुरुची-सानच्या संग्रहात खोटी वाक्यं आहेत, असं पत्र आलंय. चार वाजता समिती बसते. त्याआधी मला उत्तर हवंय."

विभा विद्यापीठाच्या डेटा ऑफिसमध्ये होती. कोणत्या संशोधकाने कोणती माहिती केव्हा आणि कुठे साठवली, हे तपासणे तिचे काम. तिने आधी एक अडचण सांगितली. सुरुची तिच्या चांगल्या ओळखीची होती. दोघी मराठी, गणपतीत एकाच पंगतीला बसणाऱ्या. कुराता म्हणाले, ते त्यांना ठाऊक आहे. निर्णय समिती देईल. विभाने शोधायचे आणि सापडेल ते लिहायचे, सोयीचे असो वा गैरसोयीचे.

पत्र चार ओळींचे होते. इंग्रजीत, विनासही, त्याच दिवशी उघडलेल्या ईमेलवरून आलेले. सुरुची आगाशे हिने सेरेर भाषेची सहाशे बारा वाक्ये जमवली आहेत. त्यांतल्या नऊ वाक्यांचे ध्वनिमुद्रण नाही. ती तिने मनाने रचली आहेत. पुढे नऊ क्रमांक.

क्रमांक बरोबर होते. विभाने कार्यालयात पोहोचताच ते ताडून पाहिले. प्रत्येक वाक्याला एक आवाजाची फाइल जोडलेली. या नवांपुढे जागा रिकामी. नऊही वाक्ये अकरा फेब्रुवारीला, सुट्टीच्या दिवशी, दुपारी दोन ते तीनच्या दरम्यान भरली गेली होती. सुरुचीच्याच नावाने.

आता जून होता. ऑक्टोबरपासून सुरुची साहाय्यक प्राध्यापक होणार होती. नेमणुकीचे पत्र तयार होते, फक्त सही बाकी होती. आरोप खरा ठरला तर ती सही होणार नव्हती, आणि सप्टेंबरअखेर संपणारा करारही वाढणार नव्हता. ज्या संशोधकावर बनावट माहितीचा शिक्का बसतो, त्याला दुसरीकडेही कुणी दारात उभे करत नाही.

*

सुरुची तिसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत होती. चौतीस वर्षांची, सडपातळ, केस पेन्सिलीने वर बांधलेले. तिच्या मागे भिंतीवर व्यंजनांचा एक मोठा तक्ता होता.

"विभाताई, मी ही वाक्यं आज पहिल्यांदा बघतेय," ती म्हणाली.

"नेटवर तुझ्याच नावाने आहेत. एप्रिलपासून."

"माहितीये. म्हणून तर भीती वाटतेय."

विभाने तिला आधी भाषा समजावून सांगायला लावले. सुरुची बोलू लागली तसा तिचा आवाज स्थिर झाला. सेरेर ही सेनेगलमधली भाषा. तिच्यात क्रियापदाचे पहिले व्यंजन बदलते. एक जण गेला तर 'रेता'. अनेक जण गेले तर 'न्देता'. एक जण आला तर 'गारा', अनेक आले तर 'न्गारा'.

"आपल्याकडे गेला, गेले. शेपूट बदलतं," ती म्हणाली. "त्यांच्याकडे तोंड बदलतं. माझं सगळं काम त्या तोंडावर आहे."

"पुल्लिंग, स्त्रीलिंग?"

"क्रियापदात नाही. आला, आली, दोन्हीला गाराच."

"वाक्यं संगणकात कोण भरतं?"

"ऐकून कागदावर मी लिहिते. टाइप अद्वय करतो."

अद्वय रेगे तिचा नवरा.

"टाइप झालेलं तू वाचतेस?"

सुरुची म्हणाली, "पहिली दोनशे वाचली. नंतर अधूनमधून. सहाशे झाल्यावर नाही."

"पासवर्ड कुणाकडे?"

तिने संगणकाच्या पडद्याखाली बोट दाखवले. पिवळ्या चिठ्ठीवर पासवर्ड लिहून चिकटवलेला होता. समोरच्या टेबलावर तिचा सहकारी मोरिता बसे. ही चिठ्ठी दोन वर्षे त्याच्या डोळ्यांसमोर होती.

"अकरा फेब्रुवारीला दुपारी कुठे होतीस?"

"वाचनालयात. एकटीच. कुणी पाहिलं असेल असं नाही."

तेवढ्यात तिचा मोबाइल थरथरला. तिने पाहिले आणि पालथा ठेवला. "बाबा आहे. परवा नारिता विमानतळावर उतरतोय. नेमणुकीचं कळल्याबरोबर त्याने तिकीट काढलं. त्याला काय सांगू आता?"

विभाने नवांची छापील यादी तिच्यापुढे ठेवली. सेरेरशेजारी इंग्रजी अर्थ दिलेला होता. विभाने वहीत ते मराठीत उतरवून घेतले होते. आजोबा गेले: न्देता. वडील आले: न्गारा. आई आली: गारा. मुलगी गेली: रेता. गुरुजी आले: न्गारा. बकरी गेली: रेता. गावचे प्रमुख गेले: न्देता. शेजारीण आली: गारा. वडील गेले: न्देता.

"यात चूक आहे का काही?"

सुरुचीने कागद हातात घेतला खरा, पण तिची नजर उजव्या बाजूच्या रिकाम्या रकान्यातून हलेना. "आवाजच नाही, ताई," ती म्हणाली. "बाकीचं बरोबर असलं तरी काय उपयोग?"

विभालाही त्या यादीत काही खटकले नव्हते.

*

मोरिता खालच्या मजल्यावरच्या जेवणाच्या खोलीत डबा उघडून बसला होता. छत्तीस वर्षे, नीट भांग, टेबलावर एकाच मापाच्या सहा पेन्सिली. त्याने त्याच जागेसाठी अर्ज केला होता आणि मुलाखतीत तो दुसरा आला होता. विभाने जपानीत विचारले. त्याने टाळाटाळ केली नाही.

"तुम्हाला सुरुची-सानचा हेवा वाटतो?"

"हो. एप्रिलपासून रोज. मी आठ वर्षं इथे आहे, ती चार."

"पत्र तुम्ही पाठवलंत?"

"नाही. पण सकाळी त्याबद्दल ऐकून बरं वाटलं. मग तासाभराने लाज वाटली. हेही लिहून घ्या."

"पासवर्ड माहीत होता?"

"सगळ्यांना माहीत आहे. ती चिठ्ठी काढ, असं मी तिला तीनदा सांगितलं."

"तुम्हाला सेरेर येते?"

मोरिताने जेवायच्या काड्या डब्यावर आडव्या ठेवल्या. त्याचा विषय वेगळा होता, पण दोन वर्षे तोच तक्ता समोर होता आणि दर सोमवारी सुरुचीचे सादरीकरण ऐकावे लागे. साधी वाक्ये त्याला करता येत होती. अकरा फेब्रुवारीला तो घरी होता. साक्षीदार, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, एक मांजर.

विभा दाराशी पोहोचली तेव्हा तो मागून म्हणाला, "तिच्या जागी मी असतो तर प्रबंधाच्या आभाराच्या पानावर नवऱ्याचं नाव 'टंकलेखन' म्हणून छापलं नसतं. जपानी माणसालासुद्धा ते कोरडं वाटलं."

*

अद्वय इचिकावा स्टेशनजवळच्या कोंबिनीत, चोवीस तास उघड्या दुकानात, सकाळच्या पाळीला होता. निळा गणवेश, छातीवर कताकाना लिपीत नाव. विभा आत शिरली तेव्हा तो एका आजीबाईंना पार्सलचा फॉर्म भरून देत होता. जपानी अस्खलित, वाकणे अचूक. गिऱ्हाईक गेल्यावर तो मागच्या बाजूला आला आणि मराठीत मोकळा झाला.

"या, विभाताई. चौकशी? मग चहा आमच्याकडून, दुकानाच्या खर्चाने नाही, माझ्या."

"चहा राहू दे. तू इथे कधीपासून?"

"बाइतोला, या अर्धवेळ नोकरीला? तीन वर्षं झाली. आठवड्याला अठ्ठावीस तास. डिपेंडंट व्हिसावर तेवढेच चालतात."

इतिहास त्याने हसत सांगितला. पुण्याहून इंजिनिअर म्हणून तो आधी आला होता. सुरुची त्याची डिपेंडंट म्हणून मागून आली. त्याच्या कंपनीचे कंत्राट संपले, तिला विद्यापीठात जागा मिळाली, आणि व्हिसावरची नावे खालीवर झाली. "इथे तिला आणलं मी," तो म्हणाला. "आता विद्यापीठाच्या पार्टीत मला विचारतात, तुम्ही काय करता? मी सांगतो, फळीवर ओनिगिरी लावतो, भाताचे गोळे."

"सेरेर बोलणारा माणूस तिला कसा मिळाला?"

"तिला नाही. मला मिळाला." अद्वयचे हसू किंचित घट्ट झाले. "वाली फाय. याच दुकानात, माझ्याच पाळीला. पहिला शब्द त्याने मला शिकवला, या गल्ल्यामागे. मीच घरी जाऊन सुरुचीला सांगितलं, अगं, ह्यांच्या भाषेत क्रियापदाचं तोंड बदलतं. तिला तेव्हा विषयच सापडत नव्हता."

"प्रबंधात तसा उल्लेख आहे?"

"आहे ना. टंकलेखन: अद्वय रेगे."

"टाइप करताना ही नऊ वाक्यं तुझ्या नजरेखालून गेली असतील."

"ताई, मी टायपिस्ट. समोर कागद येईल तो मारतो. अर्थ बघायचं काम डॉक्टर आगाशेंचं." मग तो म्हणाला, "बघा, ती दमली होती. आकडा सहाशेच्या वर न्यायचा होता. माणूस करतो कधीकधी. मी तिला दोष देत नाही."

अकरा फेब्रुवारीला तो कुठे होता, असे विभाने विचारले. घरी, तो म्हणाला. त्या दिवशी त्याच्या वडिलांचा वाढदिवस होता. "बाबांना फोन केला, ते तासभर बोलत होते. आमचे बाबा एकदा सुरू झाले की थांबत नाहीत."

वेळ काय होती?

"त्यांची सकाळ. म्हणजे आपली दुपार."

*

वाली फायची पाळी एकला संपली. तो सत्तावीस वर्षांचा, उंच, मोटारदुरुस्तीचे शिक्षण घेणारा. स्टेशनसमोरच्या बाकावर त्याने विभाला जागा करून दिली. दोघे जपानीत बोलले. दोघांचीही ती घरची भाषा नव्हती, त्यामुळे वाक्ये छोटी झाली.

ही वाक्ये तू म्हणालास का, असे तिने विचारले आणि यादी दिली.

तो ओठ हलवत वाचू लागला. पहिल्याच ओळीवर थांबला.

"किती आजोबा?"

"काय?"

"गेलेले आजोबा किती होते?"

"एक."

"मग न्देता का? इथे आजोबांची टोळी गेली आहे." तो पुढे सरकला आणि हसायला लागला. "वडीलसुद्धा खूप. आई एकच. बकरी एक. गुरुजी बरेच. याच्या घरात आई एक आणि वडील पुष्कळ. मी हे कधी म्हणालो नाही. माझी चार वर्षांची भाचीही म्हणणार नाही."

"तुमच्याकडे मोठ्या माणसांना मान देताना बोलणं बदलत नाही?"

"मान देतो. उठून उभे राहतो. पण एका म्हाताऱ्याचे चार म्हातारे करत नाही."

विभाने यादी परत घेतली. सकाळपासून तिने ती पाच वेळा वाचली होती. आता सहाव्यांदा वाचली, मराठीत, मनातल्या मनात, आणि वही मिटली.

निम्मे उत्तर मिळाले होते. ते सुरुचीच्या विरुद्ध जात होते.

तिने फायला चार वाजता विद्यापीठात यायची विनंती केली आणि एकच अट घातली: आत्ता जे बोलणे झाले, ते कुणालाही सांगायचे नाही. मग अद्वयला फोन केला. सुरुचीला आज सोबत लागेल, असे ती म्हणाली. ते खोटे नव्हते.

*

समितीच्या खोलीत लांब टेबल होते. टोकाला कुराता, त्यांच्या दोन्ही बाजूंना समितीचे दोन सदस्य, जे शेवटपर्यंत फारसे बोलले नाहीत. खिडकीकडे मोरिता. भिंतीकडे सुरुची, शेजारी अद्वय. त्याचा हात तिच्या खुर्चीच्या पाठीवर. फाय बाहेरच्या बाकावर बसला होता.

विभाने सुरुवातीला कोरे कागद वाटले. सुरुचीला एक, मोरिताला एक. तिसरा तिने अद्वयपुढे ठेवला.

"मी कशाला?" अद्वय म्हणाला. "मी संशोधक नाही."

"तुला सेरेर येते. इथे बसलेल्यांत सगळ्यांत आधी तुला यायला लागली, असं तूच सांगितलंस. का येत नाही?"

अद्वयने खिशातले पेन काढले. "येते," तो म्हणाला.

ती इंग्रजीत सहा वाक्ये सांगेल, ती सेरेरमध्ये लिहायची, एकमेकांचे पाहायचे नाही, असे विभाने सांगितले. माझी आई आली. माझे वडील आले. बकऱ्या गेल्या. शेजारीण गेली. माझे गुरुजी गेले. मुले आली. इंग्रजीत भूतकाळात एकाला आणि अनेकांना क्रियापद तेच राहते, त्यामुळे सांगणारीच्या तोंडून काही फुटत नव्हते.

मोरिता सावकाश लिहीत होता. सुरुचीने पटकन लिहून पेन खाली ठेवले. अद्वयने सगळ्यांत आधी संपवले होते. कागद नीट घडी घालून त्याने पुढे सरकवला. चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी परीक्षेला बसलेल्या हुशार मुलाचे समाधान होते.

मग विभाने फायला आत बोलावले आणि तिन्ही कागद नावे झाकून त्याच्यापुढे ठेवले. पहिला सुरुचीचा: सगळे बरोबर. दुसरा मोरिताचा: एका शब्दाचे स्पेलिंग चुकले आहे, पण एक म्हणजे एक आणि अनेक म्हणजे अनेक. तिसऱ्या कागदावर फायचे बोट थांबले.

"बकऱ्या बरोबर. मुलं बरोबर. आई बरोबर. पण इथे परत पुष्कळ वडील आले. आणि पुष्कळ गुरुजी गेले."

विभाने नऊ वाक्यांची यादी कुरातांपुढे ठेवली.

"प्राध्यापक," विभा म्हणाली, "ही नऊ वाक्यं रचलेली आहेत, हे पत्रात बरोबर आहे. कुणी रचली, ते वाक्यांतच लिहिलेलं आहे. नवांपैकी पाचांत एका माणसाला अनेकांचं क्रियापद लावलंय. ती पाच कोणती? आजोबा, गावचे प्रमुख, गुरुजी, आणि दोनदा वडील. आई, मुलगी, शेजारीण आणि बकरी यांना मात्र एकाचंच. निष्काळजीपणाने चूक झाली असती तर ती कुठेही पडली असती. ही नेमकी मानाच्या पुरुषांवर पडली आहे."

"सेरेरमध्ये असा नियम नाही?" कुरातांनी विचारले.

"नाही. जपानीतही नाही. तुम्ही मान द्यायला क्रियापदच दुसरं घेता. एकाचे अनेक करत नाही. म्हणून मोरिता-सान हे लिहिणार नाहीत, आणि त्यांनी आत्ता लिहिलंही नाही. हा नियम आमचा आहे. मराठीत आई 'आली', पण वडील 'आले'. एकटे वडील, तरी 'आले'. शाळेत याला आदरार्थी बहुवचन म्हणतात. मी ही यादी सकाळपासून पाच वेळा वाचली आणि मला काही दिसलं नाही, कारण मी ती मराठीत वाचत होते. मराठीत ती निर्दोष आहे."

मोरिताने मान वळवून सुरुचीकडे पाहिले. कुरातांनीही.

"सुरुची-सानही मराठी आहेत," ते म्हणाले.

"म्हणून दुपारी एक वाजता मला वाटलं की मी तिच्याविरुद्धच पुरावा शोधलाय. पण तिची बाकीची सहाशे तीन वाक्यं माझ्याकडे आहेत. त्यांत वडील, आजोबा, प्रमुख मिळून एकेचाळीस वेळा येतात. एकेचाळीस वेळा एकाचंच क्रियापद, आणि प्रत्येकामागे फाय-सानचा आवाज. जिला हे इतक्यांदा कळलं, ती आकडा वाढवायला रचेल तर बरोबर रचेल. शिवाय ती स्वतःच्या वडिलांना मराठीतही 'आले' म्हणत नाही. 'बाबा उतरतोय' म्हणते. काही घरांत तसं बोलतात. तिच्या जिभेवर ती सवयच नाही."

तिने तिसऱ्या कागदावरचे नाव उघडे करून तो टेबलाच्या मध्ये ठेवला.

"चूक काय होती, हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. पत्रात फक्त आवाज नसल्याची तक्रार होती. ज्याने ती चूक फेब्रुवारीत केली, त्याने ती आजही केली, कारण ती त्याला चूक वाटतच नाही."

सुरुचीने कागद ओढून घेतला. त्यावरचे अक्षर कुणाचे, हे तिला विचारावे लागले नाही. तिचे घर त्या अक्षराने भरलेले होते, किराण्याच्या यादीपासून डब्यांवरच्या चिठ्ठ्यांपर्यंत. तिने फक्त दोन ओळी वाचल्या. मग तिने खुर्ची थोडी पुढे ओढली, इतकी की पाठीवरचा हात खाली आला.

अद्वय तिच्याकडे पाहत नव्हता. तो फायकडे पाहत होता.

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस," तो जपानीत म्हणाला.

"तू विचारलं नाहीस," फाय म्हणाला. "तू मला म्हणालास, नियम समजला."

"नियम बरोबरच होता. एक, अनेक. मी फक्त—" अद्वय थांबला. आपण पकडले गेलो आहोत, यापेक्षा आपले वाक्य चुकले होते, ही गोष्ट त्याला अधिक लागली होती, आणि ते खोलीतल्या सगळ्यांना दिसले.

"का?" सुरुचीने मराठीत विचारले. तिचा आवाज वर गेला नाही.

विभाने हलक्या आवाजात कुरातांसाठी भाषांतर सुरू केले.

अद्वयने जे सांगितले, त्याला पंधरा मिनिटे लागली. त्या दुपारी बाबांचा फोन संपला होता. ते शेवटी म्हणाले होते, सुनेचं नाव पेपरात आलं, तुझं काय चाललंय? त्याने संगणक उघडला आणि तिच्या संग्रहात स्वतःचे एक वाक्य घातले. मग आणखी एक. नऊ झाली. सुरुचीच्या ते लगेच लक्षात येईल, ती चिडेल, विचारेल, हे कुणी केलं, आणि मग तो सांगेल की मलाही येतं हे, तुझ्याइतकं. रोज तो वाट पाहत राहिला. एप्रिलमध्ये तिने त्यांच्यासकट सगळे नेटवर टाकले.

"तू वाचलंच नाहीस," तो म्हणाला. "दोन महिने मी बघत होतो. मी काय टाइप करतो, ते तू एकदाही वाचलं नाहीस."

"आणि पत्र?"

"नेमणुकीचं कळलं त्या दिवशी तू तुझ्या बाबांना फोन केलास. मी समोर उभा होतो. मला तू नंतर सांगितलंस, भाजी चिरताना."

"मग माझी नोकरी जाऊ द्यायची?"

"परत गेलो असतो पुण्याला. दोघंही रिकामे. सारखे झालो असतो."

कुरातांनी भाषांतर पूर्ण होईपर्यंत वाट पाहिली. मग ते दोन्ही सदस्यांशी काही मिनिटे हळू आवाजात बोलले. निर्णय त्यांनी उभे राहून वाचला. आरोप फेटाळण्यात येत आहे. नऊ वाक्ये आज काढली जातील. न वाचलेली माहिती प्रसिद्ध केल्याबद्दल सुरुची आगाशे यांना लेखी समज. उरलेली सहाशे तीन वाक्ये त्यांनी ऑगस्टअखेर स्वतः, एकटीने, आवाजाशी ताडून पाहायची; ती बरोबर निघाली तर नेमणुकीवर सही होईल. पत्र पाठवणारा विद्यापीठाचा नोकर नाही, त्याच्याबद्दल काय करायचे, ते तक्रारदाराने ठरवावे. तक्रारदार म्हणजे आता सुरुची.

मोरिता बाहेर पडताना सुरुचीपुढे थांबला आणि वाकला. "अभिनंदन म्हणणं मला अजून जड जातंय," तो म्हणाला. "पण ती चिठ्ठी काढून टाका."

*

प्रयोगशाळेत आता विभा, सुरुची आणि अद्वय तिघेच होते. विभा नवा पासवर्ड लावत होती. नऊ ओळी एकेक करून पुसल्या गेल्या. अद्वय पिशवी खांद्याला लावून दारात उभा होता.

"एक सांगशील?" तो म्हणाला. "मी नुसतं तोंडाने मागितलं असतं, की पहिला शब्द माझा होता, माझं नाव नीट घाल. घातलं असतंस?"

विभाने पडद्यावरून नजर काढली नाही, पण तिची बोटे थांबली.

"नाही," सुरुची म्हणाली. "मला ते एकटीचं हवं होतं. तू घरी येऊन सांगितलंस ना, त्या रात्री मला झोप आली नाही. आनंदाने नाही. तुला आधी कळलं म्हणून. तेव्हापासून मी तुला फक्त टाइप करायला दिलं. समजून करायला काही दिलं नाही."

अद्वयने पिशवीचा पट्टा खांद्यावर सरळ केला.

"हे मी निवेदनात लिहीन," ती म्हणाली. "तुझंही लिहीन. दोन्ही. तू आज उरायासुला तुझ्या मित्राकडे, शैलेंद्रकडे जा. घरी नको."

तिने कागदांचा गठ्ठा डावीकडे घेतला, टोक केलेली पेन्सिल उजवीकडे ठेवली आणि हेडफोन कानांवर चढवले. यादी पहिल्यापासून सुरू केली. अद्वय दारातून काहीतरी म्हणाला. विभाने ते ऐकले, सुरुचीने नाही. तिच्या कानात फायचा आवाज सुरू झाला होता, आणि त्यानंतरच्या सहाशे दोन वाक्यांतही दुसऱ्या कुणाचा आवाज नव्हता.